पंचवटी आणि सातपूर यांच्यामध्ये रेघ का ओढायची नाही?

मीनल_गंगापूररोड

नमस्कार. माझी मुलगी अकरावीत आहे. महाविद्यालयातील प्रकल्पासाठी तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी दिवाळीच्या सुट्टीत ओळखीपाळखीच्या ४८ कुटुंबांकडून पाणीपुरवठ्याची माहिती गोळा केली. कुटुंब नाशिक महापालिकेच्या कोणत्या विभागात राहते, पिनकोड कोणता, घरात माणसे किती, नळाला रोज किती तास पाणी असते, गच्चीवरील टाकी किती लिटरची आहे, पाणी कोठून घेता (नळ, बोअर की टँकर) आणि पुरवठ्याबद्दलचे समाधान १ ते ५ पैकी किती, असे सात रकाने होते. ही सारी माहिती संगणकात भरून तिने आलेखाचे बटण दाबले आणि जे उमटले ते छापून दिले.

पहिल्याच आलेखावर लाल शाईची फुली मारून वही परत आली. त्या आलेखात आडव्या अक्षावर पंचवटी, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, नवीन नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड हे सहा विभाग होते, उभ्या अक्षावर पाण्याचे सरासरी तास होते आणि सहा ठिपके एका रेषेने जोडलेले होते. शेजारी ‘चलाचा प्रकार पाहा’ एवढेच लिहिले होते (चल म्हणजे नोंदवलेली, कुटुंबागणिक बदलणारी बाब). ती विचारायला गेली तेव्हा ‘पुस्तकात आहे’ असे उत्तर मिळाले. पुस्तकातील व्याख्या तिला तोंडपाठ आहेत, पण त्या व्याख्यांचा या फुलीशी काय संबंध आहे हे तिलाही समजले नाही आणि मलाही सांगता आले नाही. आकडे बरोबर आहेत, ठिपके योग्य उंचीवर आहेत, मग ते जोडल्याने नेमकी कोणती चूक झाली?

आकडेमोड

मीनलताई, प्रश्न चांगला आहे. संख्याशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली आणि हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारीत असे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन ठिपके रेषेने जोडणे ही केवळ सजावट नसते. ते एक विधान असते. रेषेवरचा प्रत्येक बिंदू वाचकाला सांगतो की या दोन जागांच्या मधल्या जागीही काहीतरी मूल्य आहे आणि ते साधारण एवढे आहे. सकाळी सहा वाजता तापमान १२ अंश आणि नऊ वाजता १८ अंश असेल, तर साडेसात वाजताही तापमान होतेच, ते कोणी नोंदवले नसले तरी. तेथे रेषा योग्य आहे. ‘पंचवटी’ आणि ‘सातपूर’ ही मात्र नावे आहेत. ‘पंचवटी’ आणि ‘सातपूर’ यांचा अर्धा असा कोणताही विभाग त्या रकान्यात नाही, त्यामुळे रेषा जे सांगते ते सांगण्यासारखे तेथे काहीच नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मुलीला सांगा की सहा विभागांचा क्रम बदलून तोच आलेख पुन्हा काढ. आधी जेथे चढ दिसत होता तेथे उतार दिसू लागेल. आकडे तेच, पण चित्राची गोष्ट वेगळी. जी गोष्ट नावांचा क्रम बदलल्याबरोबर बदलते, ती गोष्ट माहितीत नव्हतीच; ती रेषेने निर्माण केली होती. स्तंभालेखात हा धोका पुष्कळ कमी असतो, कारण स्तंभ सुटे उभे असतात आणि ‘वाढत गेले’, ‘घटत गेले’ असे म्हणायला ते भाग पाडत नाहीत.

गमतीची बाब अशी की स्तंभालेखाचा जन्मच या अडचणीतून झाला. विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराचे वर्षावर्षांचे आकडे रेषालेखांनी दाखवले. स्कॉटलंडच्या बाबतीत मात्र त्याच्याजवळ एकाच वर्षाची माहिती होती, तीही १७ निरनिराळ्या देशप्रदेशांशी चाललेल्या व्यापाराची. काळाचा अक्षच नसल्याने रेषा ओढता येईना, म्हणून त्याने प्रत्येक प्रदेशासाठी वेगळी पट्टी काढली. तुमच्या मुलीपुढे नेमकी तीच परिस्थिती होती. फरक एवढाच की प्लेफेअरजवळ संगणक नसल्यामुळे त्याला थांबून विचार करावा लागला.

निफाडकर

पंचवटी आणि सातपूर यांच्यामध्ये काहीच नसते, असे म्हणणाऱ्यांनी एकदा सायंकाळी साडेसहा वाजता त्र्यंबक नाक्यावरून जाऊन पाहावे.

टपालवाला

निफाडकरांचे म्हणणे अनुभवसिद्ध आहे. मला मात्र दुसऱ्या रकान्याविषयी लिहायचे आहे, कारण माझी सारी नोकरी त्या सहा आकड्यांसोबत गेली.

पिनकोड दिसतो संख्येसारखा, परंतु तो संख्या नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून ही पद्धत देशात सुरू झाली आणि तिची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित आणि आपलेच मराठी गृहस्थ होते. पहिला अंक विभाग सांगतो. आपला ४ हा अंक महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांना मिळून आहे. पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या कार्यालयाचे असतात. म्हणजे हे अंकांत लिहिलेले नाव आहे. ४२२००७ हे ४२२००३ पेक्षा ‘मोठे’ नाही, त्यात चार ‘अधिक’ काही नाही.

संगणकाला हे कळत नाही. पंचवटीचा ४२२००३ आणि सातपूरचा ४२२००७ देऊन सरासरी मागितली, तर तो निमूटपणे ४२२००५ असे उत्तर देतो. तो पिनकोड शहरात खरोखरच अस्तित्वात असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. एमएच १५ आणि एमएच ४१ यांची सरासरी एमएच २८ काढून नाशिक आणि मालेगावच्या गाड्या बुलढाण्याला पाठवण्यासारखेच हे आहे.

मीनल_गंगापूररोड

टपालवाले काका, आपण हसाल, परंतु प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर ‘सरासरी पिनकोड’ खरोखरच दिलेला आहे. त्यावर फुली नाही, म्हणजे तो तपासणाऱ्यांच्याही नजरेतून सुटला असावा.

आता समाधानाचा रकाना. १ ते ५ या संख्या आहेत की नावे? १ पेक्षा २ अधिक समाधानी हे तर नक्की आहे.

गोदाकाठ

मीनलताई, आपल्या या प्रश्नाचे उत्तर रामकुंडाजवळ उभे आहे.

आमचे घर कित्येक पिढ्या नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. पुराच्या दिवसांत आमच्या आजोबांना क्युसेक हा वाहत्या पाण्याच्या मापाचा शब्द ठाऊक नव्हता. घरात एकच प्रश्न विचारला जाई : दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे रामकुंडाजवळच्या उंच मूर्तीच्या, कोठपर्यंत पाणी आले? पायांशी आले तर कोणी उठत नसे. गुडघ्यापर्यंत आले की भांडी बाजारातील मंडळी माल हलवायला लागत. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत, आणि मग मारुती दिसेनासा झाला, अशा त्या पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीला काय करायचे हे ठरलेले होते. त्याहून मोठ्या पुराची वेगळीच खूण होती, ती म्हणजे काठावरील नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागले की नाही. २००८ आणि २०१९ च्या पुरांतही वर्तमानपत्रांनी क्युसेकचे आकडे दिले, पण फोनवर नातेवाइकांनी विचारले ते मारुतीबद्दलच.

या पायऱ्यांना क्रम आहे. छाती कमरेच्या वर आहे, याविषयी मतभेद होणार नाही. परंतु गुडघा ते कंबर आणि कंबर ते छाती ही अंतरे सारखी आहेत असे कोणी म्हटलेले नाही. म्हणून ‘यंदाच्या तीन पुरांची सरासरी कंबर आणि छातीच्या मध्ये आली’ असे वाक्य मी कधी ऐकले नाही. समाधानाचे १ ते ५ हे अगदी असेच आहेत. ४ हा २ च्या वर आहे, पण दुप्पट समाधान म्हणजे काय हे सांगता येणार नाही.

घंटेचा प्रकार याहून साधा : पाणी लागले किंवा लागले नाही. दोनच उत्तरे.

आकडेमोड

गोदाकाठ यांनी माझे दोन तास वाचवले. १९४६ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी मोजमापाच्या ज्या चार पातळ्या मांडल्या, त्यांपैकी दोन आता या धाग्यात आल्या आहेत. पिनकोड ही नुसत्या नावाची पातळी आणि मारुती ही क्रमाची पातळी. उरलेल्या दोहोंत आकड्यांमधली अंतरे सारखी असतात. फरक शून्याचा असतो.

जलमापक

मला नम्रपणे असहमती नोंदवायची आहे. मी स्थापत्य अभियंता आहे आणि काही वर्षे नद्यांच्या विसर्गाची मोजणी केलेली आहे.

मारुती हा क्रमाचा चल आहे, हे मला मान्य नाही. मूर्ती जागची हलत नाही. तिची कंबर पायथ्यापासून किती फुटांवर आहे हे एकदा टेप लावून मोजले, की ‘कमरेपर्यंत’ ही नोंद फुटांत रूपांतरित होते आणि ते फूट अगदी खऱ्या अर्थाने फूट असतात. म्हणजे मूळ राशी पाण्याची उंची ही आहे, ती सलग आहे, फक्त मोजपट्टीवरच्या खुणा विषम अंतरावर आहेत. समाधानाचे तसे नाही. माणसाच्या मनाला टेप लावता येत नाही. दोन्ही एकाच पंक्तीत बसवणे योग्य नव्हे.

आणखी एक गोष्ट. मारुतीवरील उंची आणि होळकर पुलाखालून वाहणारा विसर्ग या दोन वेगळ्या राशी आहेत. क्युसेक म्हणजे एका सेकंदात एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर पाणी. उंची दुप्पट झाली म्हणून विसर्ग दुप्पट होत नाही, कारण पात्र वरच्या बाजूला रुंद होत जाते आणि वेगही बदलतो. पात्रात किंवा काठावर बांधकाम वाढले, तर त्याच विसर्गाला मारुती अधिक बुडतो. म्हणून आजोबांच्या काळातील ‘छाती’ आणि आजची ‘छाती’ यांची तुलना उंची म्हणून करता येते, पाण्याचे प्रमाण म्हणून करता येत नाही.

गोदाकाठ

साहेब, टेप लावायला हरकत नाही, पण मारुतीला विचारून लावा. आणि ‘कमरेपर्यंत’ असे जे आजोबा सांगत, त्यात त्यांची कंबर किती इंच जाड होती हेही मोजावे लागेल.

आकडेमोड

जलमापक यांचा आक्षेप बरोबर आहे आणि गोदाकाठ यांचे उत्तर त्याहून बरोबर आहे. मी माझे आधीचे मत थोडे दुरुस्त करतो.

आपण विद्यार्थ्यांना ‘हा चल सलग आहे’, ‘तो चल क्रमाचा आहे’ असे शिकवतो, जणू तो प्रकार वस्तूच्या अंगावरच कोरलेला असतो. वास्तविक पाण्याची उंची सलग आहे, परंतु आजोबांच्या हाती जी नोंद आली ती क्रमाची होती. आलेख राशीचा काढला जात नाही, नोंदीचा काढला जातो. म्हणून चलाचा प्रकार ठरवताना ‘हे काय आहे’ याबरोबरच ‘हे कसे लिहून घेतले’ असे विचारायला हवे. वय ही सलग राशी आहे. ‘पूर्ण झालेली वर्षे’ असे विचारले की ती पूर्ण अंकांत येते. ‘तरुण, प्रौढ, वृद्ध’ असे विचारले की क्रम उरतो. आणि ‘मतदार आहात का’ असे विचारले की घंटेला पाणी लागले की नाही एवढेच उरते.

मीनलताईंच्या मुलीच्या प्रकल्पातही हे दिसेल. टाकीची क्षमता लिटरमध्ये आहे, म्हणजे पुस्तकाप्रमाणे सलग. पण बाजारात टाक्या ५००, ७५०, १०००, २००० अशा ठरावीक मापांत मिळतात, म्हणून त्या रकान्यात मोजकीच मूल्ये पुन्हा पुन्हा आली असणार. पाण्याचे तासही लोकांनी ‘एक’, ‘दीड’, ‘दोन’ असेच सांगितले असतील. एक तास सतरा मिनिटे असे कोणी सांगत नाही. जनगणनेत वयाच्या बाबतीत हे नेहमीच दिसते : ज्यांना नेमके वय ठाऊक नसते ते ४०, ४५, ५० असे सांगतात आणि आलेखात त्या वयांवर सुळके उभे राहतात.

सुलभा_शिक्षिका

समाधानाच्या सरासरीबद्दल मला विचारायचे आहे. शाळेत आम्हाला पालकांचे अभिप्राय १ ते ५ मध्ये घ्यावे लागतात आणि वरून सरासरी मागितली जाते. ती काढू नये काय?

आकडेमोड

सुलभाताई, या विषयावर संख्याशास्त्रज्ञ आजही भांडतात. स्टीव्हन्स यांच्या मताप्रमाणे क्रमाच्या चलाचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे मूल्य) काढावा, सरासरी काढू नये. उलट १९५३ मध्ये फ्रेडरिक लॉर्ड यांनी फुटबॉलपटूंच्या पाठीवरील क्रमांकांची एक खुसखुशीत गोष्ट लिहून असे दाखवले की आपण कोठून आलो हे आकड्यांना ठाऊक नसते आणि क्रमांकांच्या सरासरीनेही एखाद्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळू शकते. माझा व्यवहारी सल्ला असा आहे की वरून मागितली तर सरासरी द्या, पण सोबत पाच स्तंभांचा आलेखही द्या. निम्म्या पालकांनी १ आणि निम्म्यांनी ५ दिले, तर सरासरी ३ येते आणि ‘पालक मध्यम समाधानी आहेत’ असा अहवाल जातो. प्रत्यक्षात मध्यम समाधानी असा एकही पालक नसतो.

बागायतदार_दिंडोरी

सरासरीवरून आठवले म्हणून लिहितो. हे मी पैसे गमावून शिकलो आहे.

काही वर्षांपूर्वी निर्यातीच्या आशेने थॉमसन द्राक्षांचे दोन प्लॉट एकत्र धरून मण्यांचे नमुने काढले. दोनशे मणी मापले, व्यासाची सरासरी साडेसोळा मिलिमीटर आली आणि मी निश्चिंत झालो. माल उचलायला आलेल्या माणसाने घडांकडे एकदा पाहिले आणि निम्मा माल बाजूला काढायला सांगितला. मी सरासरी दाखवली. तो म्हणाला, “सरासरी पेटीत भरता येत नाही.”

घरी आल्यावर कृषी पदविका शिकणाऱ्या पुतण्याने तेच दोनशे आकडे घेऊन आयतालेख काढला, म्हणजे व्यासाचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गात किती मणी येतात ते चिकटलेल्या स्तंभांनी दाखवले. मध्ये साडेसोळाच्या जागी खड्डा होता. एक उंचवटा १५ च्या आसपास आणि दुसरा १८ च्या आसपास. मग लक्षात आले की एका प्लॉटला जीएचे (मणी फुगवणाऱ्या संजीवकाचे) दुसरे डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणे, वेळेवर झाले नव्हते. सरासरीएवढा मणी माझ्या बागेत शोधूनच काढावा लागला असता.

यातली खरी शिकवण पुतण्याने पुढे दाखवली. त्याने वर्गांतर, म्हणजे प्रत्येक वर्गाची रुंदी, एक मिलिमीटरचे घेतले होते. तेच चार मिलिमीटरचे घेऊन १४ ते १८ असा एक वर्ग केला, तर दोन्ही उंचवटे बरेचसे एकात मिसळले आणि आलेख पुन्हा माझ्या सरासरीसारखाच शहाणा दिसू लागला. उलट पाव मिलिमीटरचे घेतले तेव्हा आलेख करवतीसारखा झाला आणि काहीच कळेना. आता मी कोणताही आयतालेख दोन-तीन वर्गांतरांनी काढून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवत नाही.

मीनल_गंगापूररोड

मुलगी मागे उभी राहून वाचत आहे. ती विचारते की स्तंभालेख आणि आयतालेख यांत फरक एवढाच ना, की आयतालेखात स्तंभ चिकटलेले असतात?

आकडेमोड

चिकटलेले का असतात, ते तिला विचारा. दिंडोरीकरांच्या आलेखात १५ ते १६ हा वर्ग जेथे संपतो तेथेच १६ ते १७ सुरू होतो. मधे रिकामी जागा नसते, म्हणून स्तंभांमध्येही फट नसते. विभागांच्या स्तंभालेखात फट ठेवली जाते, कारण पंचवटी संपते तेथे सातपूर ‘सुरू’ होत नाही. आणि बरोबर १६ मिलिमीटरचा मणी कोणत्या वर्गात टाकायचा हे आधीच ठरवावे लागते. नववीच्या पुस्तकातील असमावेशक पद्धतीने तो वरच्या वर्गात जातो. वर्गांची रुंदी सारखी नसेल तर उंचीऐवजी क्षेत्रफळ वारंवारतेच्या (त्या वर्गातील नोंदींच्या संख्येच्या) प्रमाणात ठेवावे लागते, हा नियम मात्र बहुतेक जण विसरतात आणि रुंद वर्ग उगीच भरलेला दिसतो.

घरातील माणसांची संख्या खंडित आहे. ३ आणि ४ यांच्या मध्ये कुटुंब नसते. तेथे सुटे स्तंभ चांगले.

निफाडकर

माझी एक प्रामाणिक शंका आहे. आमच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील किमान तापमानाची बातमी दर हिवाळ्यात येते. समजा तेथे ५ अंश असेल आणि नाशिक शहरात १० अंश, तर आमच्याकडे दुप्पट थंडी आहे असे आम्ही शहरातील पाहुण्यांना सांगावे काय? आजवर तसेच सांगत आलो आहोत.

जलमापक

सांगू नये. तेच तापमान फॅरनहाइटमध्ये ४१ आणि ५० होते आणि दुपटीचा पत्ताच राहत नाही. सेल्सिअसचे शून्य म्हणजे उष्णतेचा अभाव नव्हे. पाणी गोठते तो बिंदू माणसाने सोयीसाठी शून्य मानला आहे. म्हणून ‘पाच अंशांचा फरक’ हे म्हणणे खरे, ‘दुप्पट’ हे म्हणणे निरर्थक. पावसाचे तसे नाही. शून्य मिलिमीटर म्हणजे पाऊस पडलाच नाही. ते खरे शून्य आहे. म्हणून इगतपुरीत येवल्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो हे विधान मिलिमीटरमध्ये केले काय आणि इंचांत केले काय, बदलत नाही. आकडेमोड यांनी शून्याच्या फरकाचा उल्लेख केला तो हाच.

निफाडकर

म्हणजे पाहुण्यांसमोरची बढाई गेली. थंडी मात्र तेवढीच आहे.

कांदा_क्विंटल

शून्याचा विषय निघाला आहे, म्हणून आलेखाच्या अक्षावरील शून्याविषयी लिहितो. आम्ही लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या बाजारांत माल देतो. बाजार समित्या रोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव जाहीर करतात. भाव काळानुसार बदलत असल्याने रेषालेख योग्यच आहे. परंतु फोनवर फिरणाऱ्या आलेखांत उभा अक्ष कधी १,४०० पासून सुरू होतो, कधी शून्यापासून. क्विंटलमागे शंभर रुपये उतरले, तर पहिल्या आलेखात ती दरी दिसते आणि दुसऱ्यात सुरकुती. पहिला आलेख पाहून गावात दोघांनी घाईने उन्हाळ कांद्याची साठवणुकीची चाळ फोडून माल विकायला काढला होता.

शिवाय रविवारी लिलाव नसतात, सणाला नसतात, कधी बंदमुळे नसतात. आलेख मात्र शनिवारचा ठिपका सोमवारच्या ठिपक्याला सरळ जोडतो. रविवारी भाव काय होता? मीनलताईंच्या मुलीची चूक येथेही होते, फक्त ती कोणाला दिसत नाही.

आकडेमोड

आपला दुसरा मुद्दा फार चांगला आहे. लिलाव बंद असलेल्या दिवशी रेषा तोडावी किंवा निदान ठिपके ठळक ठेवावेत, म्हणजे मोजलेले कोणते आणि जोडलेले कोणते हे वाचकाला कळते.

पहिल्या मुद्द्याबाबत नियम असा आहे : स्तंभाची लांबीच मूल्य सांगते, म्हणून स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच हवा, तो कापला की स्तंभ खोटे बोलतो. रेषालेखात आपण चढउतार वाचतो, म्हणून तेथे शून्य सक्तीचे नाही, पण अक्ष कोठून सुरू होतो ते स्पष्ट दिसायला हवे. शाळेत अक्षाच्या सुरुवातीला नागमोडी खूण काढायला शिकवतात ती यासाठीच. ती खूण संगणक आपण होऊन काढत नाही.

तसेच आपल्या किमान, कमाल आणि सर्वसाधारण भावांपैकी केवळ सर्वसाधारण भाव रेखाटला, तर गोल्टी (लहान कांदा) आणि मोठा कांदा यांच्यातील दरी लपते. तिन्ही भावांचा पट्टा दाखवावा.

सुलभा_शिक्षिका

सर्वांनी वृत्तालेखाला का वगळले आहे? दहावीच्या मुलांना तो सर्वांत आवडतो. कंपास आणि कोनमापक घेऊन ती तल्लीन होतात. ४८ कुटुंबे म्हणजे प्रत्येक कुटुंबाला साडेसात अंश, किती छान गणित आहे.

जलमापक

गणित छान आहे, चित्र वाईट आहे. क्लीव्हलंड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांनी दाखवले की एकाच मोजपट्टीवरील जागा माणूस जितक्या अचूकपणे वाचतो, तितक्या अचूकपणे कोन किंवा क्षेत्रफळ वाचत नाही. २२ टक्के आणि २५ टक्के हे वृत्तालेखात आकडे लिहिल्याशिवाय ओळखता येत नाहीत. आणि आकडे लिहायचेच असतील, तर वर्तुळ कशाला? तिरक्या, जाड, बिस्किटासारख्या वृत्तालेखाविषयी तर मी बोलतच नाही; त्यात पुढचा तुकडा उगीचच मोठा दिसतो.

सुलभा_शिक्षिका

आपले म्हणणे अभियंत्याचे आहे. ‘निम्म्याहून अधिक’ किंवा ‘पाव भाग’ हे वर्तुळात जितके झटकन दिसते तितके स्तंभांत दिसत नाही. तीन-चारच भाग असतील आणि ते मिळून एक संपूर्ण वस्तू होत असेल, तर मी वृत्तालेखच काढेन आणि मुलांनाही काढू देईन. अपूर्णांक आणि अंश यांचा संबंध मुलांना त्यातूनच समजतो.

आकडेमोड

सुलभाताईंची ‘मिळून एक संपूर्ण वस्तू’ ही अट फार महत्त्वाची आहे. विभागनिहाय कुटुंबांची संख्या वृत्तालेखात चालेल, कारण प्रत्येक कुटुंब एकाच विभागात आहे. ‘पाणी कोठून घेता’ हा प्रश्न मात्र चालणार नाही. एकाच घरात नळही असतो, बोअरही असते आणि मे महिन्यात टँकरही येतो. तिन्ही टक्के मिळवले की बेरीज शंभराच्या पुढे जाते आणि वर्तुळ ३६० अंशांतच संपते. संगणक अशा वेळी तक्रार न करता सारे आकडे आक्रसून बसवतो आणि ज्या घरी नळ नाही असे एकही घर नसतानाही ‘नळ ५५ टक्के’ असे दिसते.

मीनल_गंगापूररोड

अगदी तसाच वृत्तालेख दुसऱ्या पानावर आहे. त्यावर ‘छान’ असा शेरा मिळालेला आहे.

तिने रात्री बसून प्रकल्प पुन्हा केला. सहा विभागांचे स्तंभ काढून ते उंचीप्रमाणे उतरत्या क्रमाने लावले. पिनकोडची सरासरी काढून टाकली. पाण्याच्या स्रोतांसाठी तीन आडव्या पट्ट्या काढल्या. मात्र समाधानाचे पाच स्तंभही तिने उंचीप्रमाणेच लावले आहेत, आता ते ४, ३, ५, १, २ असे दिसतात. हे चालेल काय? आणि घरातील माणसे व टाकीचे लिटर यांचा संबंध कसा दाखवायचा?

गोदाकाठ

समाधानाचे स्तंभ १ ते ५ याच क्रमाने हवेत. मारुतीची छाती गुडघ्याच्या खाली लावता येत नाही.

आकडेमोड

गोदाकाठ यांच्या उत्तरात भर घालण्यासारखे काही नाही. नावांना स्वतःचा क्रम नसतो, म्हणून विभाग उंचीप्रमाणे लावणे चांगलेच झाले.

दोन संख्यात्मक राशींसाठी ठिपक्यांचा आलेख काढावा : आडव्या अक्षावर माणसे, उभ्या अक्षावर लिटर आणि प्रत्येक कुटुंबाचा एक ठिपका. माणसे आणि टाक्या दोन्ही मोजक्याच मूल्यांत असल्याने बरेच ठिपके एकमेकांवर पडतील आणि ४८ ऐवजी वीसच दिसतील; प्रत्येक ठिपका किंचित बाजूला सरकवावा किंवा जेथे अधिक कुटुंबे आहेत तेथे ठिपका मोठा काढावा. संबंधाचा नुसता आकडा काढून थांबू नये. १९७३ मध्ये फ्रान्सिस अँस्कम यांनी माहितीचे चार संच असे रचून दाखवले की चारहींची सरासरी आणि सहसंबंध (दोन राशी किती एकत्र बदलतात याचा आकडा, येथे ०.८१६) जवळजवळ सारखे, पण ठिपके मांडले की एक सरळ रेषेजवळ, एक कमानीसारखा आणि उरलेल्या दोहोंत एकेका चुकार ठिपक्याने सारा निकाल बिघडवलेला.

मीनल_गंगापूररोड

मनापासून आभार. शेवटची शंका तिची स्वतःची आहे. उन्हाळ्यात तिला हेच सर्वेक्षण पुन्हा करायचे आहे. तेव्हा ‘पाणी पुरते का : पुरेसे, जेमतेम, अपुरे’ असे विचारावे की तास विचारावेत? पहिल्या प्रश्नाला लोक पटकन उत्तर देतात.

जलमापक

तास विचारा, शक्य असल्यास मिनिटे. मिनिटांवरून ‘जेमतेम’ आणि ‘अपुरे’ हे वर्ग घरी बसून केव्हाही करता येतील. ‘जेमतेम’ वरून मिनिटे परत मिळणार नाहीत. वेळ असेल तर एका आठवड्याची नोंद प्रत्येक घरी ठेवायला सांगा, आठवणीवर सोडू नका, नाहीतर सगळीकडे दीड तासच लिहून येईल.

निफाडकर

आमच्या चुलत्यांच्या गल्लीत मे महिन्यात नोंद ठेवली, तर बहुतेक दिवशी शून्य मिनिटे येतील. तेवढे शून्य मात्र खरे आहे, त्याला जलमापक यांचीही हरकत नसावी.